खुर्चीच्या पायातून निघालेलं रक्त

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बोनकोडेतल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एकही गाडी नव्हती. गाड्यांच्या जागी गुडघे होते. सत्तर-ऐंशी माणसं सतरंजीवर पाय पसरून बसली होती. कुणी साडी वर खोचलेली, कुणी पँट गुंडाळलेली. समोर परात, पितळी तांब्या आणि त्यामागे भगव्या उपरण्यातले सिताराम बुवा.

"डॉक्टर काय करतो? फोटो काढतो!" बुवा गरजले. "फोटोत हाड दिसतं, दुखणं दिसतं का? गुडघा म्हणजे देहाचा चौक. चौकात ट्रॅफिक तुंबलं, खराब रक्त अडकलं. मी फक्त सिग्नल सोडतो!"

"जय हो!" माणसं ओरडली.

मग एका आजीचा पाय परातीवर आला. शकुबाई त्यांचं नाव, गावातल्याच. बुवांनी गुडघ्याला पिवळा लेप फासला, अंगठ्याने पंधरा मिनिटं चोळला आणि तांब्यातलं नितळ तीर्थ वरून सोडलं. गुडघा लालभडक झाला. परातीत लाल ओघळ उतरले. कातडीवर ओरखडासुद्धा नाही आणि रक्त बाहेर! शकुबाईंनी हात जोडले. दोघी-तिघी तर रडायलाच लागल्या.

रडणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण एरवी मी मोठी शहाणी म्हणून मिरवते.

मी संघप्रिया. वय एकतीस, नोकरी ऐरोलीत, भाड्याची खोली सानपाड्यात आणि जीव कोपरखैरण्याच्या व्यायामशाळेत. गेली सहा वर्षं मी वजनं उचलते. मागच्या आठ महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठणका लागला आणि माझं उचलणं बंद पडलं. चारुलता मॅडम, माझ्या फिजिओथेरपिस्ट, त्यांनी कंटाळवाणा उपाय दिला: भिंतीला टेकून बसा, हलकं वजन, हळूहळू वाढवा, सहा महिने धीर धरा.

सहा महिने धीर कसा धरतात, हे कुणी सांगत नाही. बाकीच्या पोरी वजनांचा बार आपटतात, ओरडतात, एकमेकींना टाळ्या देतात आणि मी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून पंचेचाळीस सेकंद मोजते. आधी विचारायच्या, "ताई, गुडघा कसा आहे?" मग विचारेनाशा झाल्या. मग व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप निघाला, स्पर्धेला उतरणाऱ्यांचा. त्यात मी नव्हते. चुकलं कुणाचंच नाही, पण घरी येऊन कुलूप उघडलं की रडू यायचं. कुणाला सांगणार? आईला परभणीला फोन केला की ती एकच म्हणते, "सोड ते वजनं, लग्न कर."

त्या गुरुवारी मी बुवांकडे गेले ते बरी व्हायला नाही. व्यायामशाळेतल्या सगळ्या जणी हसत-खिदळत निघाल्या होत्या आणि निशिगंधा म्हणाली, "ताई, चल ना तू पन." निशिगंधा बोनकोडेचीच, तेवीस वर्षांची, बारखाली शिरली की डोळे मिटून देवाचं नाव घेणारी. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी 'चल' म्हटलं होतं. मी नरकातसुद्धा गेले असते.

तिचाही गुडघा सुजला होता. पुढच्या आठवड्यात रविवारी राज्य संघाची निवड चाचणी, आणि चारुलता मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलेलं, "आता जड उचललंस तर वाटीखालचा दोर तुटेल. मग ऑपरेशन, आणि परत उचलता येईल याची खात्री मी देत नाही." बुवांनी मात्र तिच्या गुडघ्यातून ओंजळभर 'खराब रक्त' काढलं आणि पाठीवर थाप मारली. "झाला मोकळा! बिनधास्त उचल. पुढच्या गुरुवारी उरलंसुरलं काढतो. रविवारी पदक तुझं!"

निशिगंधा उठली, दोन बैठका मारल्या आणि किंचाळली, "आईशप्पत, दुखतच नाय!"

मग माझा पाय. बुवांनी विचारलं, "कधीपासून दुखतं गं बाळा?" आणि तेवढ्यावर माझे डोळे भरले. लाल ओघळ पाहून मला खरंच वाटलं, गेलं सगळं. घरी लावायला लेपाची पुडी मिळाली, न धुता रोज लावायची.

शनिवारी मी लेप लावूनच व्यायामशाळेत गेले. सवयीने हाताला चॉक फासला. बार हातातून निसटू नये म्हणून आम्ही जी पांढरी भुकटी लावतो ती. व्यायाम करून घामाने थबथबले होते. गुडघा दाबत खाली बसले, हात उचलला आणि पाहते तर काय, गुडघ्यावर पाच लाल बोटं!

ना बुवा, ना तीर्थ, ना मंत्र. आणि माझा गुडघा रक्त सोडतोय!

पहिला विचार आला, आपल्या हातात शक्ती आली की काय. खोटं का सांगू? दुसरा विचार यायला मिनिट लागलं. मी चॉकची चिमूट घेतली, लेपाची चिमूट घेतली, थेंबभर पाण्यात जमिनीवरच कालवली. लाल. हाताचा साबण घेतला. लाल. अगं बये! लेप म्हणजे हळदच की! साडीवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे मी लहानपणापासून आईच्या धुण्यात बघत आले नव्हते का? घरी जाताना पानाच्या टपरीवरून चुना घेतला, पाण्यात कालवला, तासाभराने वरची निवळी अलगद काढली. दिसायला साधं पाणी. हळदीवर ओतलं आणि मोरीत बुवांची परात हजर. चुना, साबण, चॉक, तिन्ही एकाच स्वभावाचे, शाळेतल्या भाषेत आम्लारी. हळद त्यांच्या नादी लागली की लाल होते. झालं, एवढाच तो चमत्कार.

मग निशिगंधाचं दुखणं थांबलं कसं? तेही मी चारुलता मॅडमना विचारलं. "या दुखण्याची तीच तर गंमत आहे," त्या म्हणाल्या. "चोळलं, गरम झालं की थोडा वेळ गप्प बसतं. दुसऱ्या दिवशी परत ठणकतं. आता विचार तिला."

मी विचारलं. निशिगंधा जिना उतरत होती, कठडा घट्ट धरून, एकेक पायरी.

"दुखतंय ना?"

"उरलेलं रक्त हाय. गुरुवारी निघेल."

मी तिला सगळं सांगितलं. हळद, चुना, चॉक. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा दगड झाला. "ताई, तुला उचलता येत नाय ना, म्हणून मी पन उचलायचं नाय. जळतेस तू."

दुसऱ्या दिवसापासून व्यायामशाळेत माझ्याशी कुणी बोलेना. आमचे प्रशिक्षक कुंदन सरसुद्धा म्हणाले, "श्रद्धेचा विषय आहे, तू कशाला मध्ये पडतेस?" मी कशाला पडते? अहो सर, तिचा गुडघा तुटेल म्हणून!

गुरुवारी मी एकटीच चालत पार्किंगमध्ये गेले. पोरी आधीच बसल्या होत्या. मला पाहून माना फिरल्या. माझी पाळी आली तेव्हा मी पाय पुढे केलाच नाही. बाजूची पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि परातीवर आडवी धरली.

"बुवा, हिचा पाय दुखतो."

माणसं हसली. बुवांना काही सुचायच्या आत मी त्यांच्याच वाटीतला लेप खुर्चीच्या पायाला फासला आणि त्यांचाच तांब्या उपडा केला. खुर्चीच्या पायातून रक्ताचे ओघळ लागले!

बुवा पण काही कच्चे नव्हते. "बघा! बघा!" ते ओरडले. "इतके दुखणेकरी तिच्यावर बसले, सगळा दोष खुर्चीत उतरलाय!"

आणि काय सांगू, माणसांनी माना डोलावल्या! "बरोबर आहे," असंसुद्धा कुणी म्हणालं. मला हसू यावं की रडू, कळेना. मी पिशवीतून वाण्याकडची हळद काढली, माझ्या बाटलीतली निवळी काढली. "ही हळद कालची, पाकीटबंद. हिच्यावर कोण बसलं होतं?" आणि स्वतःच्या तळहातावर दोन्ही एकत्र केलं. तळहात लाल झाला.

शकुबाई पुढे सरकल्या. माझा हात धरून त्यांनी बोटाने तो लाल रंग चोळला. हुंगला.

"आगो, या तं कुकू हाय!" त्या म्हणाल्या. "माजी सासू घरान आसाच बनवाची. हळद न् चुना."

"मग आजी, इतके दिवस ओळखलं नाहीत?"

"पायावर कुकू कोन शोधतं गो?" मग माझा हात सोडून हळूच म्हणाल्या, "न् तो इचारतो तरी, कवापासना दुखतंय. घरान कोन इचारतं?"

मीही त्याच एका प्रश्नावर रडले होते.

पुढे बरंच काही झालं. बुवा शाप देत उठले, दोघं-तिघं माझ्या अंगावर आले, काहींनी बुवांना घेरलं. निशिगंधा मात्र माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "सगळ्यांसमोर मला येडी ठरवलीस," आणि निघून गेली. तिच्यामागे सगळ्या पोरी गेल्या. पुढच्या गुरुवारपासून बुवांची बैठक उठली असं ऐकलं. मला काडीचा आनंद झाला नाही.

रविवारी चाचणीच्या हॉलमध्ये मी सगळ्यात मागच्या रांगेत बसले. निशिगंधाचं नाव पुकारलं. ती चौथऱ्यावर आली, बारपाशी वाकली, डोळे मिटले. ती तशीच वाकून राहिली, घड्याळ पळत राहिलं. मग ती सरळ उभी राहिली, पंचांना हाताने नाही म्हणाली आणि लंगडत उतरली. एक वर्ष गेलं तिचं. रडत होती. मी उठून जवळ गेले, तर तिने तोंड फिरवलं. मी परत मागे येऊन बसले.

मंगळवारी तिचा मेसेज आला. ना ताई, ना कशी आहेस. फक्त, "मॅडमकडे किती वाजता जातेस?"

आता आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून पंचेचाळीस सेकंद मोजतो. ती अजून फारसं बोलत नाही. तिच्या सहा महिन्यांतले अजून पाच आहेत.

वाचणाऱ्यांना हात जोडून एकच सांगते. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका. चिमूटभर हळद घ्या, चुन्याची निवळी घ्या, स्वतः करून बघा. कुणी चमत्कार दाखवला तर आधी तोच खेळ खुर्चीवर करायला लावा. आणि घरात कुणी जिना उतरताना कठडा धरत असेल, तर कधीपासून दुखतंय, हे आजच विचारा. तुम्ही विचारलं नाहीत, तर विचारायला बुवा येतो.