आमचं नागपूरचं घर

करदात्यांच्या बाजूने टॅक्स खात्याशी भांडणं हा माझा धंदा. पण खरं सांगू का, खात्यापेक्षा आपलीच माणसं मला जास्त छळतात.

राजारामकाकांचंच घ्या. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला सॉफ्टवेअरमध्ये सगळी नोकरी केलेला पापभीरू माणूस. तपासणीला आलेल्या बाईंना गप्पांच्या ओघात सांगून बसले, "नागपूरला अवर हाउस आहे, वर भाडेकरू असतात." झालं. भाड्याचं उत्पन्न जाणूनबुजून लपवलं, असा ठपका बसला. दंड एवढा, की राहतं घर विकावं लागलं असतं. काकूंनी तर हायच खाल्ली.

नागपूरचं घर होतं काकांच्या ज्ञानदेव या चुलतभावाचं. कागद त्यांचे, भाडं त्यांच्या खात्यात, तिकडचा टॅक्सही तेच भरतात. मी अपील केलं आणि काकांना बजावलं, "कझिन्स हाउस म्हणायचं. बाकी तोंडाला कुलूप."

सुनावणीला अधिकाऱ्याने कागद पाहिले आणि सरळ विचारलं, "घर कोणाचं?"

"अवर्स," काका म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. अस्सा राग आला म्हणून सांगू.

"मग कागदावर तुमचं नाव का नाही?" अधिकारी म्हणाला. काका घामाघूम. त्या रागातच मी म्हटलं, "काका, मी कोण ते सांगा यांना."

"ही अवर चारुता. अवर गर्ल."

"नात्यातली?" अधिकाऱ्याने विचारलं.

"छे, वकील आहे. चांगली फी घेते की."

अधिकारी माझ्याकडे बघून हसला. "या घराचं भाडं तुम्ही कधी घेतलंत?"

"भावाकडून भाडं कोण घेतं?" काका चक्क दुखावले होते.

अधिकाऱ्याने बँकेचे कागद पुन्हा चाळले आणि ठपका मागे घेत असल्याचं सांगितलं. दंड रद्द.

बाहेर पार्किंगमध्ये काका गाडीला टेकून रडायला लागले. मलाही भरून आलं. कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग डोळे पुसून त्यांनी नागपूरला फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, सुटलो. आपलं घर वाचलं."

"का रे, आपल्या घराला काय झालं होतं?" तिकडून घाबरलेला आवाज आला.

"इथलं रे, अ‍ॅशबर्नचं."

अधिकारी आसपास नाही ना, ते मी आधी मागे वळून पाहून घेतलं.