हौसाच्या रक्तात माझं लोखंड

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी निडी गावातली जुनी लोखंडी कढई आहे आणि काळेपणा हाच माझा दागिना! पेणच्या बाजारातून बायजाबाईंनी मला डोक्यावर घेऊन आणलं. वीस वर्षं माझ्यात वालाचं बिरडं शिजलं. आमसूल पडलं की रस काळपट व्हायचा, तरी सगळे बोटं चाटून खायचे.

मग त्यांची सून हौसा गरोदर राहिली आणि माझ्यावर संक्रांत आली. "काळं खाल्लं का पोर काळं होतं," म्हणत बायजाबाईंनी मला माळ्यावर टाकलं, ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. मला गंज चढला. असा राग आला म्हणून सांगू!

पण वरून मला हौसा दिसायची. हंडा उतरवताना ती भिंत धरायची, दोन भाकऱ्या थापल्या की धापा टाकायची. सातव्या महिन्यात नर्स विमलबाई आल्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक!

"मावशी, हिच्यात रक्तच नाय. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर पोरगी हाती लागायची नाय. हौसा, रक्तवाढीच्या गोळ्या घेतेस ना गो?"

"घेते की, रोज चहाबरोबर."

"अगो, चहा गोळीतलं लोखंड अंगी लागू देत नाय! लिंबाच्या पाण्याबरोबर घे. आणि वाल कशात शिजवता?"

बायजाबाईंनी काळ्या पोराची भीती सांगितली. विमलबाई हसल्या नाहीत. "मावशी, तो काळा रंग म्हणजे कढईचं लोखंड. त्यानंच रक्त वाढतं. पोर आईबापाच्या रंगावर जातं. कढई काढा, पण गोळ्या सोडू नका."

मी थक्क झाले! इतकी वर्षं मी स्वतःला नुसतं भांडं समजत होते.

बायजाबाई तशाच शिडी चढल्या. "चुकलं गो माझं," म्हणत त्यांनी मला राखेनं घासलं, तेल लावलं. मग रोज माझ्यात वाल, माठाची भाजी, शेवग्याचा पाला. गोळी त्या स्वतः हौसाच्या हातावर ठेवायच्या.

रोह्याच्या दवाखान्यात हौसा बाळंत झाली. रक्त बरंच गेलं, पण ती तगली. मुलगी झाली.

मित्रांनो, घरात कुणी गरोदर असेल तर तिचं ताट आणि तिची पापणी बघत जा. भीतीपोटी तिच्या तोंडचा घास काढू नका.

सव्वा महिन्यानं हौसा लेकीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली. पोरीनं पाय झाडले. मी त्या लालबुंद तळव्यांकडे बघतच राहिले. त्यात कणभर मी होते.