तिसऱ्या खुर्चीचा कॅन

तिसऱ्या खुर्चीचं मशीन ओरडलं, तेव्हा मिस्त्रीने नेहमीसारखा अंगठ्याने त्याचा आवाज बंद केला. महिनाभर ते असंच कुरकुरत होतं. त्याचं मोजमाप बिघडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोराकडे जसं गाव लक्ष देईना, तशी त्या मशीनची गत झाली होती.

मिस्त्री म्हणजे डायलिसिसच्या त्या तीन खुर्च्यांच्या खोलीतला तंत्रज्ञ. नळापासून मशीनपर्यंत काहीही दुरुस्त करायचा, म्हणून सिस्टरनेच त्याचं नाव मिस्त्री ठेवलं होतं.

तिसऱ्या खुर्चीत थेंब सर होते. सिस्टर सातवीत असताना ते विज्ञान शिकवत. पहिल्या तासाला फळ्यावर एक थेंब काढायचे आणि म्हणायचे, “पोरांनो, आता वर्षभर आपण यातच बुडणार.” ते नाव तेव्हापासून त्यांना चिकटलं. आता त्यांची मूत्रपिंडं दमली होती, आणि आठवड्यातून तीन वेळा ते आपल्या विद्यार्थिनीपुढे बाही वर करून बसत.

“पोरी, आज डोकं ठणकतंय,” सर म्हणाले.

“उन्हातून चालत आलात ना? रिक्षा करा म्हटलं तर ऐकाल तर शपथ.”

“वर्गात गोंगाट केलास तरी मी कधी तुला ओरडलो नाही. तू मात्र वचपा काढतेस.” ते हसले, पण हसू अर्ध्यावर थांबलं. “छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय गं. पाठही दुखतेय.”

सिस्टरने मशीनकडे पाहिलं. पडद्यावर रक्त धुणाऱ्या द्रावणाच्या खारटपणाचे आकडे चौदा हवेत. महिनाभर तिथे बारा दिसायचे. आज आठ होते.

मग तिने नळीकडे पाहिलं. रक्त दाट असतं, त्याच्या आरपार दिसत नाही. या नळीतून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. लाल काचेतून दिसावं तसं, तारखांसकट.

तिने पंप थांबवला आणि दोन्ही नळ्यांना चिमटे लावले.

“काय करताय ताई?” मिस्त्री धावत आला. “मशीन खोटारडं आहे, मी सांगतो. थांबवायचंच असेल तर आधी आतलं रक्त त्यांना परत द्या. सरांच्या अंगात आधीच रक्त कमी. एवढं वाया घालवलंत तर डॉक्टर तुम्हालाच फाडून खातील.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रोज शेवटी नळीतलं रक्त परतच द्यायचं असतं. तिचा हात चिमट्यावर होता. चिमटा उघडावा की नाही? सरांचे ओठ पांढरे पडत चालले होते.

सर हळूच म्हणाले, “पाण्याचा रेणू कसा असतो, सांग बघू.”

“सर, आत्ता?”

“आत्ताच.”

“एक मोठं डोकं, दोन कान. ऑक्सिजनचं डोकं, हायड्रोजनचे कान.” बोलता बोलता तिने फोन उचलून डॉक्टरांना ताबडतोब बोलावलं.

“डोक्याची आणि कानांची ओढ निराळी, म्हणून पाणी मिठाला बिलगतं. आणि दोघांच्या मध्ये पातळ पडदा असला की मिठाच्या दाटीकडे धावतं.” त्यांना धाप लागली. “माझ्या रक्तातली प्रत्येक पेशी म्हणजे पडद्याची पिशवी. बाहेर मीठ कमी झालं तर पाणी कुठे जाईल?”

“आत.” तिने पुन्हा नळीकडे पाहिलं. “पिशवी फुगेल. फुटेल.”

पेशी फुटली की आतलं लाल प्रथिन बाहेर सांडतं, आणि त्याच्याबरोबर पोटॅशियमही. नळीतलं ते काचेसारखं लाल पाणी परत दिलं असतं, तर थेट हृदयावर घाला पडला असता.

“मशीन खोटारडं की कॅन?” सर पुटपुटले. “तुझ्या डब्यात अंडं असतं ना?”

प्रत्येक खुर्चीखाली दाट खारट द्रावणाचा एक कॅन असतो. मशीन त्यात पाणी मिसळतं आणि पातळ पडद्याआडून रक्ताच्या जवळून नेतं. सिस्टरने पहिल्या खुर्चीच्या कॅनमधलं द्रावण मोजपात्रात ओतलं आणि त्यात डब्यातलं उकडलेलं अंडं सोडलं. तरंगलं. दुसऱ्याचंही तरंगलं. तिसऱ्याच्या द्रावणात अंडं क्षणभर रेंगाळलं आणि संथपणे तळाशी जाऊन बसलं.

मिस्त्री त्या अंड्याकडे बघतच राहिला. “ताई,” तो म्हणाला, “काल संध्याकाळी मी कॅनमधलं उरलंसुरलं द्रावण एकत्र केलं. रोजच करतो. पण काल काही कॅन धुवायला ठेवले होते. पाणी भरून. तेही तसेच पांढरे, तसेच अर्धे…”

त्याने द्रावणात धुण्याचं पाणी ओतलं होतं.

डॉक्टर आले. हृदयाच्या आलेखावर वाढलेल्या पोटॅशियमचे सुळके उभे राहिले होते, टोकदार, एकसारखे. नळ्या रक्तासकट फेकल्या गेल्या. प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं, कोपऱ्यातलं राखीव मशीन ओढून आणलं. त्याच्यासाठी सिस्टरने कारखान्याचं सील असलेला कॅन स्वतःच्या हाताने उघडला. तासाभराने सुळके थोडे बसले. थोडेच.

“अंडं बुडलं का?” सरांनी डोळे न उघडता विचारलं.

“बुडलं, सर.”

“मग एकच नसेल. उरलेले तपास.”

मिस्त्री आधीच कोठीत गेला होता. मोजपात्र आणि तेच अंडं घेऊन तो एकेक उघडा कॅन तपासत होता. बाहेर बाकावर पुढच्या पाळीचे तिघे बाह्या वर करून बसले होते. त्यातली आजी सिस्टरला म्हणाली, “आज उशीर का गं बाई?”

कोठीतून आवाज आला, “तरंगलं.”

थोड्या वेळाने पुन्हा, “तरंगलं.”

सिस्टर सरांचा हात धरून तिसऱ्यांदा आवाज येण्याची वाट बघत उभी राहिली. कोठीत द्रावण ओतल्याचा आवाज झाला. मग मिस्त्री मोजपात्र घेऊन दारात आला; अंडं तळाशी बसलं होतं.