कुंकवाचा डाग पडलेला परवाना

मी एक जुना परवाना आहे मित्रांनो, आणि तोही रद्द झालेला. मोटार चालवण्याचा परवाना. कोल्हापुरात मला या नावाने कुणीच कधी हाक मारली नाही. तिथे सगळे मला लायसनच म्हणायचे. आता मी परवाने देणाऱ्या कचेरीच्या मागच्या खोलीत, सुतळीने बांधलेल्या एका गठ्ठ्यात पडून आहे. माझ्या पाठीवर निळ्या शाईत ‘रद्द’ असा शिक्का आहे. मारणाऱ्याने तो वाकडा मारला, याचा मला अजून राग येतो. रद्दच करायचे तर सरळ तरी करावे!

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. तेव्हा आम्ही पुस्तकाच्या रूपात जन्माला यायचो. तळहातात मावणारे पुस्तक, गडद निळा कापडी पुठ्ठा आणि आत मोजकी पाने. माझ्या पहिल्या पानावर एका तरुणाचा फोटो चिकटवला आणि अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा गोल शिक्का मारला. तो तरुण म्हणजे गौस. फोटो काढताना हसायचे नाही असे त्याला बजावले होते, म्हणून तो भांडणातून उठून आल्यासारखा दिसत होता. खरा गौस तसा मुळीच नव्हता. त्याला राग आला तर तो शीळ घालायचा.

पुढे माझ्या तिसऱ्या पानावर ‘अवजड वाहन’ अशी नोंद झाली आणि गौस आकारामआण्णांच्या ट्रकवर रुजू झाला. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरायचे, मलकापूरवरून घाट उतरून रत्नागिरी गाठायची आणि मिळेल तो माल घेऊन परत यायचे, हे आमचे काम. गौसने मला मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले होते. पावसाळ्यात त्याचा सदरा चिंब व्हायचा, मी मात्र कोरडा. असा मालक मिळायला नशीब लागते.

माझी शेवटची दोन पाने खास होती. चालकाला कोर्टात दंड झाला की तिथे तांबड्या शाईने लिहीत. काही परवान्यांची ती पाने भरून गेलेली मी पाहिली आहेत. माझी पाने आठ वर्षे कोरी राहिली. मलकापूरच्या नाक्यावर एकदा एका हवालदाराने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “आठ वर्सं गाडी हाणतोस आन् पान कोरं? पावणं, गाडी चालवतोस का ढकलतोस?” गौस नुसता हसला. मी मात्र त्या दिवशी फुगून मेणकापडात मावेनासा झालो होतो.

आता विठाबाईंचे सांगतो. त्या आकारामआण्णांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हते. आवाज असा की गल्लीच्या टोकाला कोंबड्या पळाव्यात. दर खंडेनवमीला त्या ट्रकची पूजा करायच्या. ज्याचे जे हत्यार असेल ते त्या दिवशी पुजायचे, असा रिवाज. गौस ट्रक धुऊन काढायचा आणि ऊस बांधायचा. विठाबाई पाटावर जॅक, पाने, हातोडा मांडायच्या आणि मग गौसपुढे हात करायच्या. “आण तुजं हत्यार,” असे म्हणून मला घ्यायच्या. गौस मुसलमान, पण त्या पाटावर आपले लायसन ठेवायला त्याला कधी अवघड वाटले नाही आणि विठाबाईंनाही कधी विचारावेसे वाटले नाही. माझ्या मिटलेल्या पुठ्ठ्यावर दरवर्षी कुंकवाचे एक बोट लागायचे. ते मला आवडायचे.

एकोणसत्तर साली एस.टी.त चालकांची भरती निघाली. गौसची मुलगी सलिमा तेव्हा चार वर्षांची होती. तो दहा-दहा दिवस बाहेर असायचा आणि घरी आला की ती आईच्या मागे लपायची. पाहुणा आला म्हणायची. ते गौसला फार लागले होते. एस.टी.ची नोकरी म्हणजे ठरलेली पाळी आणि रोज नाहीतर एक दिवसाआड घर. वयाची अट पाहता त्याला ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी अर्जच करता आला नसता. दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी परवाना घेऊन हजर राहायचे होते.

गौस गेला तर आपला भरवशाचा माणूस जाणार हे विठाबाईंना कळत होते. तरी त्या खंडेनवमीला त्यांनी मला हातात घेतले आणि पहिल्यांदाच उघडले. गौस म्हणाला, “मावशी, असूं दे की मिटल्यालं.”

“मिटल्या पुस्तकातलं देवीला काय दिसणार? उघडून ठेवतो,” विठाबाई म्हणाल्या. “पोराला नोकरी लागायची हाय. तिला सगळं वाचूं दे.”

त्यांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हते. त्यांनी फुलाने पाणी शिंपडले, पानापानावर हळद वाहिली, कुंकू वाहिले, हात जोडले आणि मला तसेच ओले मिटून पाटावर ठेवले. त्यांच्या हातात माया होती, म्हणून मीही गप्प राहिलो. नाहीतरी मी काय बोलणार होतो?

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी गौसने मला उघडले तेव्हा माझी पाने एकमेकांना चिकटली होती. त्याने ती हलक्या हाताने सोडवली. फोटो बचावला होता. पण ‘अवजड वाहन’ ही नोंद फुटून निळे तळे झाले होते आणि ज्या कोऱ्या पानांचा मला एवढा अभिमान, त्यांच्यावर तांबडे ओघळ आले होते. गौस मला मांडीवर ठेवून शीळ घालू लागला.

मित्रांनो, मी हरवलो असतो तर बरे झाले असते. हरवलेल्या परवान्यासाठी पोलिसांचा दाखला आणायचा, अर्ज करायचा, फोटो द्यायचे, की दुय्यम प्रत मिळते. पण खराब झालेला परवाना अर्जाला जोडावा लागतो. म्हणजे मी स्वतःच साक्षीला उभा!

कचेरीत सयाजीराव नावाचे हेडक्लार्क होते. माणूस चोख. त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि त्यांच्या भुवया चढल्या. “हे कशाने भिजले?”

“पाण्यानं, साहेब.”

“पाणी तांबडे असते का?”

गौसने मान खाली घातली. पूजेच्या पाटावर लायसन बिघडले असे सांगायचे म्हणजे विठाबाईंच्या पूजेला नावे ठेवायची, आणि तीही चार माणसांत, सरकारी टेबलापुढे. ते त्याच्याने होईना. सयाजीरावांना वेगळेच वाटले. कोर्टाने तांबड्या शाईत लिहिलेली नोंद याने धुऊन काढली असावी, असा त्यांना संशय आला, आणि माझी अवस्था पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. ते म्हणाले, “तुझा ट्रक रत्नागिरीला जातो. तिथल्या कोर्टात विचारणा करावी लागेल. उत्तर यायला दीड महिना तरी जाईल.”

“आठ दिवसांत एस.टी.त दाखवायचं हाय, साहेब.”

“मग खरे काय ते सांग.”

गौसने मला परत घ्यायला हात पुढे केला. सयाजीरावांनी मला त्याच्या हातात परत दिले. आठ वर्षे जपलेले माझे कोरे पान, आणि त्याच पानावरून माझा धनी लबाड ठरत होता. एवढे वाईट मला नंतर रद्द होतानाही वाटले नाही.

घरी गौसची बायको नजीरा होती. तिला सगळे कळले तेव्हा ती म्हणाली, “मावशीला सांगा की जाऊन.”

“न्हाय सांगायचं. तिनं चांगल्यासाठीच केलंय. तिला कळलं तर जिवाला लावून घील.”

“आन् सलिमानं तुमास्नी जलमभर पावणा म्हणायचं व्हय?” नजीरा म्हणाली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि तशीच चपला घालून बाहेर पडली. गौसने तिला अडवले नाही. अडवण्यासारखी ती नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच विठाबाई दारात. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात एक लिंबू, मागे ओशाळलेला गौस. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “कोण हाय त्यो साहेब, आमच्या गौसला लबाड म्हणणारा? ह्ये पुस्तक म्या भिजीवलंय. देवीम्होरं उघडून ठेवलं. ह्यी शाई न्हवं, कुकू हाय कुकू.”

सयाजीराव म्हणाले, “बाई, तुम्ही म्हणता म्हणून कसे मानू? मला खात्री पटायला हवी.”

“पटीवतो की. कुकू मी घरात करतो. हळदीला चुना लावला की ती तांबडी हुतीया, आन् लिंबू पिळलं की पुन्यांदा पिवळी. तुमच्या शाईला जमंल काय तसं?”

कचेरीतले सगळे आपापली कामे सोडून टेबलाभोवती जमले. सयाजीरावांनी टीपकागदावर आपल्या दौतीतल्या तांबड्या शाईचा एक थेंब टाकला. विठाबाईंनी त्यावर लिंबू पिळले. शाई जरा पसरली, पण तांबडीच राहिली. मग मला टेबलावर उघडले. खरे सांगतो, लिंबाचा तो थेंब मला चांगलाच झोंबला. पण बघता बघता माझ्या पानावरचा तांबडा डाग पिवळा झाला आणि त्या पिवळ्याखाली एक अक्षरही नव्हते. कोरे पान. कोपऱ्यातल्या शिपायाने टाळी वाजवली.

सयाजीरावांनी चष्मा पुसला. “माझा संशय खोटा ठरला, बरे झाले,” ते म्हणाले. “तुमचा जबाब लिहून घेतो. तो अर्जाला जोडला की रत्नागिरीला पत्र लिहिण्याचे कारण नाही.” त्यांनी जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि विठाबाईंच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. मग ते एका रकान्यापाशी थांबले. “अर्जदाराशी नाते?”

विठाबाई गोंधळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बसला असावा. “आमच्या ट्रकवर हाय त्यो...” त्या पुटपुटल्या.

“आई लिवा, साहेब,” गौस म्हणाला.

सयाजीरावांनी अर्जावरचे नाव पाहिले, विठाबाईंच्या कपाळाकडे पाहिले. चोख माणूस, खोटे कसे लिहिणार? विचार करून त्यांनी लिहिले, ‘मानलेली आई’, आणि वाचून दाखवले.

“मानल्याली कशापायी?” विठाबाईंचा आवाज परत आला होता. “नुसतं आई लिवा की!”

सयाजीरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग त्यांनी ‘मानलेली’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि खाडाखोडीच्या बाजूला, नियमाप्रमाणे, स्वतःची सही केली.

पाचव्या दिवशी गौसला नवा परवाना मिळाला. त्या नव्या परवान्याच्या कपाळावर ‘दुय्यम प्रत’ असे लिहिले होते, पण पोरगा बरा दिसत होता. माझ्यावर तो वाकडा शिक्का बसला आणि मला त्या जबाबाला टाचून गठ्ठ्यात बांधले. गौस जाताना माझ्यावरून बोट फिरवून गेला. मला रडू आले असते, पण भिजण्याचे परिणाम मी पाहिले होते.

परवान्याचे नूतनीकरण असले की आमचा गठ्ठा सुटायचा आणि मला गौस दिसायचा. पहिल्याच खेपेला तो खाकी कपड्यांत आला, छातीवर एस.टी.चा बिल्ला, आणि त्याचे बोट धरून सलिमा. ती त्याला सोडायला तयार नव्हती. पुढच्या प्रत्येक अर्जावर नवा फोटो असायचा. मिशा पिकल्या, केस मागे हटले. फोटोत मात्र तो अजून भांडणातून उठून आल्यासारखाच दिसतो.

गेल्या वर्षी, शहाऐंशी साली, तो आला तेव्हा टेबलावर नवे क्लार्क होते. गौस म्हणाला, “साहेब, त्यो जुना जबाब बघूं द्या की जरा. पौषात आई गेली आमची. तिचा फोटो बी न्हाय.” क्लार्कने गठ्ठा सोडून जबाब पुढे केला. गौसने तो कागद दोन्ही हातांत धरला. अंगठ्याचा ठसा पाहिला, ती रेघ पाहिली.

“ह्यो मला मिळंल काय?”

“दप्तरातला कागद देता येत नाही हो.”

“मग ऱ्हाणार तर हितंच?”

“कायमचा नाही. जुने गठ्ठे कधीतरी साफसफाईत रद्दीत जातील.”

गौसने मान हलवली आणि कागद घडीवर घडी बसेल असा नीट ठेवून दिला. जाताना तो जिन्यावरून शीळ घालत उतरला.

मित्रांनो, तुमचे कागद कोरडे ठेवा, मेणकापडात ठेवा, एवढे तर मी सांगणारच. पण तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी कचेरीत बसेल. साफसफाईचा दिवस येईल आणि आमचा गठ्ठा तुमच्या हातात पडेल. तो तसाच फेकू नका, आधी सुतळी सोडा. मी रद्द झालेला आहे, मला खुशाल रद्दीत टाका. माझ्या पाठीला टाचलेला तो कागद मात्र अलगद सोडवा आणि गौसला नेऊन द्या.