मागून आलेला आवाज

प्यो जेसॉपला वयाच्या पन्नाशीत शत्रूची चाहूल पाठीमागून ऐकायची होती. समोर उभी राहून बायको काय सांगते ते ह्या गृहस्थाच्या कानात शिरत नव्हतं, पण गेममधलं भूत मागून चालत आलं तर ते मात्र बरोब्बर कळलं पाहिजे! त्यासाठी बुचॉन शहरातल्या आपल्या फ्लॅटमधली मागची खोली त्याने अडवून ठेवली होती. समोर कॉम्प्युटर, त्याच्या खाली स्पीकरांना आवाज वाटून देणारा, धोंड्यासारखा जड रिसीव्हर, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधोमध पाचवा. शिवाय जमिनीवर एक ढब्बू खोका. तो धडधडला की खालच्या मजल्यावरच्या बाई छतावर झाडूचा दांडा आपटायच्या.

खोली ठरली होती बायकोच्या, म्हणजे मिरानच्या आईसाठी. म्हातारी चॉंगसॉनच्या डोंगरात एकटी राहायची, गुडघे कामातून गेलेले. "आणू की त्यांना, त्यात काय!" असं उन्हाळ्यात जेसॉपच तोंड भरून म्हणाला होता. आता बाजारात कोबीचे ढीग लागले, घरोघर हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची गडबड सुरू झाली, तरी आई तिकडेच. मिरानने विषय काढला की ह्याचं एकच, "अगं, जुळणी चालू आहे. जमलं की बघू." आणि आईला फोन केला तर तीही हल्ली म्हणायची, "घाई नको गं, सावकाश येईन." मिरानचा जीव दोन्हीकडून टांगलेला.

आणि जुळणी तरी कसली! एका संध्याकाळी तो "आलं, आलं!" असा ओरडला म्हणून मिरान हातातलं टाकून धावली. पाचही स्पीकर दणाणत होते. तिने डोळे मिटून क्षणभर ऐकलं.

"अहो, हे पाचही एकच बोलतायत. तुमच्या ऑफिसात साहेब बोलले की बाकीचे तेच म्हणतात, तसं."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"बरं, तुम्ही सांगा. आत्ताची गोळी कुठून आली?"

जेसॉपने पाचही स्पीकरांवरून नजर फिरवली. "सगळीकडून."

"अरे वा! म्हणजे शत्रू घरभर झालेत."

त्याचा कॉलेजचा मित्र नाम किसॉक येऊन बघून गेला. त्याने रिसीव्हरच्या मागे डोकं घातलं आणि कपाळाला हात लावला. "गाढवा, हेडफोनच्या भोकात वायर खुपसलीस? तिथून दोनच आवाज निघतात. पाचही स्पीकर वाजावेत म्हणून तू रिसीव्हरचं बटण दाबलंस, तो बिचारा तेच दोन आवाज सगळ्यांना वाटतोय. पडद्याला चित्र नेणारी वायर आधी रिसीव्हरमधून घे, आणि कॉम्प्युटरला सांग की घरात पाच स्पीकर आहेत."

"कॉम्प्युटरला कळत नाही होय? दिसतायत ना पाच!"

वायर त्याने बदलली, पण कॉम्प्युटरला सांगायचं काही मनावर घेतलं नाही. दुसऱ्याचं ऐकलं तर इज्जत जाते ना साहेबांची! आता मागचे दोन स्पीकर मुके झाले आणि जेसॉपने त्यांच्यापुढे उदबत्ती लावायचीच काय ती बाकी राहिली.

शेवटी मिरानचा संयम सुटला. "रविवारी किसॉकसमोर वाजवून दाखवा. मागून आवाज आला तर खोली तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आला तर हा सगळा पसारा उचलायचा आणि आई येणार. कबूल?"

"कबूल!" तो छाती काढून म्हणाला.

रविवारी दुपारी किसॉक पलंगाच्या कडेवर परीक्षक होऊन बसला. मिरान दारात उभी राहिली. गेम होता ओसाड पडलेल्या अपार्टमेंटचा. जेसॉप अंधाऱ्या जिन्यातून चालला होता आणि जे काही वाजत होतं ते समोरच. मिरान मनातल्या मनात आईची गादी घालायला लागली होती.

इतक्यात पाठीमागून, जरा वरून, घंटी वाजली. मग एक घोगरा आवाज. "रहिवाशांना विनंती. मुख्य फाटकावर एक आजी आल्या आहेत..."

"मागून!" जेसॉप खुर्चीतून उडालाच. "ऐकलंस? मागून आला! वरून आला! काय गेम बनवलाय लेकाच्यांनी, आजीसुद्धा घातली आत! जिंकलो!"

"...चॉंगसॉनहून आल्या म्हणतात. अंगात जांभळं जाकीट, जवळ दोन गाठोडी. इमारतीचा नंबर आठवत नाही. मुलीचं नाव यॉम मिरान..."

बैठकीच्या खोलीच्या छतात, सूचना द्यायला घरोघर बसवलेल्या स्पीकरवरून सोसायटीचं ऑफिस बोलत होतं. किसॉकचा चेहरा पांढराफटक पडला. जेसॉप अजून दोन्ही हात वर करून नाचत होता. मिरान घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून जिन्याकडे पळाली.

रखवालदाराच्या खोलीत आई गाठोडी मांडीवर धरून बसली होती. "रागवू नकोस हं," तिचं पहिलं वाक्य. मिरानने तिचे गार हात स्वतःच्या गालांवर दाबले.

वर आल्यावर जेसॉप दारातच उभा. कसंबसं वाकून त्याने नमस्कार केला, आणि मग, लाज म्हणून नाही त्या माणसाला, किसॉककडे वळून पुटपुटला, "म्हणजे मगाचा आवाज धरायचा नाही?"

"तोंड मीट," किसॉक म्हणाला.

आई भिंतीला धरून मागच्या खोलीपर्यंत गेली. जमिनीभर पसरलेल्या वायरी पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"अगंबाई, काम अजून चालूच आहे का, जावईबापू?"

"कसलं काम?" मिरानने विचारलं.

"खोलीचं गं. हेच म्हणाले होते ना फोनवर. काम निघालंय, मिरानकडे विषय काढू नका, तिला वाईट वाटतं, संपलं की मीच कळवतो. मी थांबले होते. पण नळ गोठला, आणि परवा अंगणात पडले, मग शेजारणीने बसमध्ये बसवून दिलं."

मिरानने नवऱ्याकडे पाहिलं. राग तिला महिनाभर येतच होता, आता मात्र त्याची किळस आली. जेसॉपची नजर वर उठेना. कोणी काही न सांगता तो खाली बसला आणि एकेक वायर ओढून काढू लागला.

"राहू द्या हो, जावईबापू," आई घाईघाईने म्हणाली आणि गाठोडी पोटाशी धरून दोन स्पीकरांमधल्या सांदीत अंग चोरून बसली. "मी इथे मावते की."