माझ्यातलं पाणी पाणी नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना हिमगोळा आहे. हलवला की आत बर्फ पडतो, तो काचेचा गोळा. आता काच गेली. लाकडी बैठक आणि तिच्यावरचं चिमुकलं चर्च तेवढं उरलं आहे.

थंडीत गोठून तडकू नये म्हणून कारखान्यात माझ्या पाण्यात एक औषध मिसळलं होतं. ते मांजरांना विष असतं, हे माझ्या खोक्यावर कोणी लिहिलं नाही. नाताळच्या बाजारातून माझ्या मालकीण ऑटीलीबाईंच्या नवऱ्याने मला स्टायर गावातल्या त्यांच्या घरी आणलं. पुढे ते वारले. मग बाईंच्या सोबतीला मी आणि श्नुर्ली नावाचा करडा बोका, एवढेच उरलो. माझा बर्फ पडू लागला की तो काचेवर पंजा मारायचा आणि बाई हसायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीतही रोज सकाळी खिडक्या सताड उघडून घराला हवा देतात. खिडकी आत उघडते, म्हणून खिडकीच्या फळीवरचं सामान आधी उचलावं लागतं; माझी जागाही तिथेच होती. एका सकाळी दारावर थाप पडली, बाईंचं लक्ष उडालं आणि खिडकीच्या धक्क्याने मी खाली आपटलो.

वरच्या मजल्यावरचे म्हातारे कोर्बिनियन आले होते. तेही काचा वेचू लागले. "जाऊ दे गं, पाणीच तर आहे," ते म्हणाले. श्नुर्ली त्या ओल्यातून गेला आणि पंजे चाटत बसला.

थोड्या वेळाने तो झोकांड्या खाऊ लागला.

"बघ, बघ! माझी वाइन ढोसली वाटतं याने!" कोर्बिनियन म्हणाले.

"तुझ्याच वळणावर गेलाय मेला!"

दोघं पोट धरून हसले. संध्याकाळी तो सरळ चालू लागला आणि बाई निर्धास्त झाल्या.

तिसऱ्या दिवशी त्याने दुधाला तोंड लावलं नाही. मांजरांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या.

"काय प्यायला होता हा?"

"काही नाही हो. नुसतं पाणी."

"कुठलं पाणी?"

बाईंनी टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "त्याच दिवशी आणायला हवं होतं. आता मूत्रपिंडं गेली हो."

श्नुर्लीने बाईंच्या मांडीवरच प्राण सोडला.

मित्रांनो, पाणी भरलेली शोभेची वस्तू फुटली तर मांजराला आधी दूर न्या, पंजे धुवा आणि तडक डॉक्टरांकडे धाव घ्या. त्याला बरं वाटतंय असं दिसलं तरी थांबू नका. त्या सकाळी मला वाचा असती, तर मी एवढंच ओरडलो असतो: ऑटीली, हसू नकोस गं, उचल त्याला.