लोवेल सरांचा नकार

अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्यात माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणायचं झालं तरी आधी पदार्थाची तारीफ, मग पोटाची तक्रार, मग 'बरं, एवढासाच', आणि शेवटी पुन्हा भरलेली ताटली. पाहुणा 'चला, निघतो' म्हणून गुडघ्यावर थाप मारून उठतो आणि तासाभराने गाडीपाशी उभा राहून गप्पाच मारत असतो. दारात आलेल्या विक्रेत्याला परत पाठवणं जमत नाही, म्हणून अर्ध्या गावाच्या तळघरात न वापरलेले व्हॅक्यूम क्लीनर धूळ खात पडलेत. आणि अशा या मुलखात लोवेल ब्रँटमायर नावाच्या माणसाने जन्मभर एकच विषय शिकवला, तो म्हणजे सरकारला नाही कसं म्हणायचं.

लोवेल सर हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे. घटनेची चौथी दुरुस्ती हा त्यांचा जीव की प्राण. वॉरंट नसेल तर पोलिसाला घरात, गाडीत, खिशात डोकावू देऊ नका, हे त्यांनी दोन पिढ्यांच्या डोक्यात भरवलं. दर शुक्रवारी अख्ख्या वर्गाला उभं करून ते मोठ्याने म्हणायला लावायचे, "माफ करा ऑफिसर, मी झडतीला परवानगी देत नाही." त्यातलं 'माफ करा' सरांनी पदरचं घातलं होतं. त्याशिवाय ते वाक्य त्यांना फारच उद्धट वाटायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी राज्याच्या विधानसभेसाठी तीनदा निवडणूक लढवली, मतपत्रिकेवर सगळ्यात खाली ज्याचं नाव असतं अशा पक्षाकडून. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत पोर्कच्या सँडविचच्या गाडीशेजारी उभे राहून ते भाषण ठोकायचे : सरकारने अमली पदार्थांविरुद्ध म्हणून जे युद्ध पुकारलंय, ते आपल्याच स्वयंपाकघरांविरुद्ध आणि औषधाच्या कपाटांविरुद्ध चाललंय. लोक भाषण शेवटपर्यंत ऐकायचे, कारण मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही. मग हात हातात घेऊन म्हणायचे, "सर, विचार करण्यासारखं आहे हं." आमच्याकडे याचा अर्थ, मत मिळणार नाही. सरांना तो कळायचा. ते स्वतःच हसून सांगायचे, "मला मत देणाऱ्या सगळ्यांना मी एका वेळी जेवायला बोलावू शकतो, आणि तरी मार्लिसला खुर्च्या उसन्या आणाव्या लागणार नाहीत."

मार्लिस म्हणजे त्यांची बायको. कॅन्सरमधून ती उठली, पण औषधांनी तिच्या पायांच्या नसा जाळून टाकल्या. चादर लागली तरी आग व्हायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं गेलं आणि त्याबरोबर मार्लिसही गेली. भिंतीकडे बघत बसायची, केकमध्ये साखरेऐवजी मीठ घालायची, आणि एकदा तर नवऱ्याला 'आपण कुणाकडे आलात' असं अदबीने विचारलं. मग चर्चमधल्या एका मैत्रिणीने शेजारच्या इलिनॉय राज्यातून आणलेली गांजाची एक जेलीची गोळी तिच्या हातावर ठेवली. अर्धी गोळी खाऊन मार्लिस रात्रभर झोपली आणि सकाळी उठून शब्दकोडं घालणाऱ्याला शिव्या देत बसली. त्या शिव्या ऐकून सरांना रडू आलं.

इलिनॉयमध्ये त्या गोळ्या दाताच्या दवाखान्यासारख्या लख्ख दुकानात मिळतात, पोरगी हसून पिशवीत घालून देते. हद्दीच्या अलीकडे, आमच्याकडे, त्याच गोळ्या गुन्हा. मध्ये काही नाही, नुसती मक्याची शेतं आणि एक पाटी. दर महिन्याला नवरा-बायको पलीकडे जायचे आणि येताना सर गोळ्यांचा डबा डिकीत, जादा चाकाच्या खाली लपवायचे. स्वतःवर भलतेच खूश असायचे. आयुष्यभर ज्या कायद्याला नावं ठेवली तो एकदाचा मोडायला मिळाला होता.

तर त्या दिवशी धान्याच्या कोठारांपाशी मागून पोलिसांच्या गाडीचे दिवे लागले. सरांनी गाडी बाजूला घेतली. खिडकीशी आला तो ट्रेंट वेसेल, शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाचा, डेप्युटी. सरांच्याच वर्गात तिसऱ्या रांगेत बसायचा.

"नमस्कार सर. मॅडम, तब्येत कशी आहे?"

"आहे बाबा, चाललंय," मार्लिस म्हणाली. "आई बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. सर, मागचा डावा दिवा गेलाय तुमचा. एवढंच सांगायचं होतं." ट्रेंट जरा घुटमळला. वरून हुकूम होता, इलिनॉयकडून येणारी गाडी थांबवली की विचारायचंच. त्याचे कान लाल झाले होते. "आणि सर... हरकत नसेल तर गाडीत जरा नजर टाकू का?"

हाच तो क्षण. याच क्षणासाठी सरांनी शेकडो पोरांना शुक्रवारी उभं केलं होतं. सरांनी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "बघ ना, त्यात काय विचारायचं."

मार्लिसने मान फिरवून नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू पुन्हा त्याला ओळखत नाहीये.

पोरगा एवढ्या नम्रपणे विचारत होता, आईचं बरं आहे म्हणाला होता, त्याला नाही कसं म्हणायचं, हे सरांचं नंतरचं स्पष्टीकरण. पण तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ट्रेंटला डिकी उघडेना. सर खाली उतरले आणि कमरेने दाबून किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं. जादा चाकावरचं झाकण अडकलं, तर सरांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला. झाकण निघाल्यावर डबा दिसला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

"माझा आहे," सर म्हणाले.

"काही त्याचा नाही," मार्लिस गाडीतूनच ओरडली. "माझा आहे तो, ट्रेंट. त्याला खोकल्याचं औषधसुद्धा चढतं."

ट्रेंटने रुंद काठाची मोठी टोपी डोक्यावर नीट केली आणि मार्लिसच्या नावाने कोर्टात हजर राहण्याचा कागद केला. कागद देताना दोनदा 'सॉरी मॅडम' म्हणाला. मार्लिस म्हणाली, "असू दे रे." आम्ही माणसं ही अशी.

सरकारी वकिलाने सोडून दिलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण आमच्याकडे सरकारी वकीलही मतांवर निवडून येतो; त्याची निवडणूक तोंडावर होती आणि त्याला कडक दिसायचं होतं. दोषी ठरली तर मार्लिसवर वर्षभर देखरेख, दर आठवड्याला लघवीची तपासणी. म्हणजे वर्षभर गोळी बंद. म्हणजे पुन्हा ती भिंत, ते मीठ, 'आपण कुणाकडे आलात'. सरांना तुरुंगाची भीती नव्हती. बायको समोर बसलेली असूनही घरात नसणं, याची त्यांना धडकी भरली होती.

त्यांची वकील जोएल टँकरी तरुण होती आणि सरांचीच विद्यार्थिनी. ती आनंदाने खुर्चीतून उठलीच. "सर, ट्रेंटच्या छातीवरचा कॅमेरा त्या दिवशी बंद पडला होता. म्हणजे त्याचा शब्द आणि तुमचा शब्द. तुम्ही झडतीला नाही म्हटलंत, तरी त्याने डिकी उघडली. पुरावाच बाद होतो. केस खलास." तिने हे विचारलं नाही. विचारायची गरजच काय, लोवेल ब्रँटमायर पोलिसाला हो म्हणेल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

सरांनी तिला सुधारायला हवं होतं. पण पोरगी इतकी खूश होती. तिचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. सर नुसते मान हलवत राहिले.

घरी जोएलचं म्हणणं ऐकून घेतल्यावर मार्लिसने कॉफी पुढे ठेवली. "लोवेल, मी गाडीत होते."

"माहीत आहे मला."

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. मग जन्मभर मला ऐकवशील."

"मी कधी ऐकवलंय तुला?"

"नाही ऐकवत. तोंड पाडून गराजमध्ये जाऊन बसतोस. ते जास्त वाईट."

"आणि तुझे पाय?"

"माझे पाय माझे आहेत. त्यांचं मी बघेन," मार्लिस म्हणाली. पण कप उचलताना ती टेबलाखाली पाय एकमेकांवर घासत होती, आणि ते सरांनी पाहिलं.

त्या आठवड्यात सर न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहून 'नाही' म्हणायचा सराव करत होते. पहिल्यांदा 'नाही, म्हणजे तसं नको' असं आलं. मग 'नाही, पण तुझी इच्छाच असेल तर' असं आलं. घटनेवर तासन्तास बोलणारा हा म्हातारा दाढीचा साबण तोंडाला फासून एका साध्या शब्दाशी कुस्ती खेळत होता आणि हरत होता. त्यांचं त्यांनाच हसू आलं. बायकोला वाचवायचं म्हणून आपण तोच शब्द पाठ करतोय, जो वेळेवर आला असता तर वाचवायची वेळच आली नसती, हे त्यांना समजत होतं.

कोर्टात गर्दी होती. सरांना ज्यांनी कधी मत दिलं नाही ते सगळे त्यांच्या बाजूने आले होते. आधी ट्रेंटची साक्ष झाली. तो म्हणाला, "सरांनी बघ म्हटलं, म्हणून मी पाहिलं." मागच्या बाकांवर कुजबुज झाली. कुणीतरी 'काय बाई निर्लज्ज' असंही म्हणालं.

मग सर उभे राहिले. शपथ झाली. जोएलने विचारलं, "डेप्युटीने गाडी बघू का विचारल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

सरांनी मार्लिसकडे पाहिलं. ती आपल्या चपलांकडे बघत होती.

"मी नाही म्हटलं," सर म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला. वर्गात यायचा तसा.

सरकारी वकील ताडकन उठला आणि त्याने ट्रेंटला पुन्हा साक्षीला बोलावलं. "डेप्युटी वेसेल, तुमच्यासमोर हे गृहस्थ धडधडीत वेगळं सांगताहेत. खरं काय?"

ट्रेंटने टोपी हातात फिरवली. त्याने एकदा सरांकडे पाहिलं. सरांना वाटलं, बोल बाबा, ठणकावून सांग, मी खोटं बोलतोय म्हण. खरंच त्यांना तसं वाटलं. एवढा एक शब्द तो बोलला असता तर त्यांनी तिथेच सगळं कबूल केलं असतं.

"सर जर नाही म्हटलं म्हणत असतील," ट्रेंट हळूच म्हणाला, "तर म्हटलं असेल त्यांनी. त्यांनीच आम्हाला शिकवलंय ते. माझ्याच लक्षात नीट राहिलं नसेल."

सर्वांदेखत आपल्या म्हाताऱ्या मास्तरांना खोटं पाडणं त्याच्याने झालं नाही. ते आमच्यापैकी कुणाच्यानेच झालं नसतं.

न्यायाधीशबाईंनी पुरावा बाद केला. मार्लिस सुटली. त्या रविवारी चर्चमध्ये लोकांनी सरांचे हात दाबून दाबून दुखवले. "सरकारला नाही म्हणणारा माणूस" असं पाद्रीबाबाच म्हणाले. या वेळी निवडणुकीला उभे राहा, मी नक्की मत देईन, असं तिघाचौघांनी सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरंही वाटत होतं. सर मान हलवत राहिले. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ट्रेंटचं काय झालं ते गावाला हळूहळू कळलं. परवानगीशिवाय झडती घेतो आणि शपथेवर आधी एक, मग दुसरंच सांगतो, अशा पोलिसाचा कोर्टात काही उपयोग नसतो. शेरीफने त्याला राजीनामा द्यायला लावला. आता तो गावाबाहेरच्या बियाण्याच्या दुकानात पोती उचलतो.

शरद ऋतूत एका सकाळी सर पक्ष्यांचे दाणे आणायला तिथे गेले. मार्लिस गाडीतच बसली होती. सरांच्या खांद्यावरचं पोतं कुणीतरी मागून अलगद काढून घेतलं. ट्रेंट होता. त्याने पोतं गाडीत ठेवलं, हात झटकले आणि खाली बघत म्हणाला, "सर, खूप दिवस बोलायचं होतं. तेव्हा मॅडमना माझ्यामुळे एवढा त्रास झाला. माफ करा."

 माफी मी मागायला हवी, तू खरं बोलत होतास, मी खोटं बोललो, हे सगळं सरांच्या जिभेवर आलं. त्यांनी तोंड उघडलं.

"असू दे रे ट्रेंट," सर म्हणाले. "होतं कधी कधी असं."

"थँक यू सर," ट्रेंट म्हणाला आणि पुढच्या पोत्याकडे वळला.

सर गाडीत येऊन बसले. त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"काय म्हणत होता?" मार्लिसने विचारलं.

"माफी मागत होता."

"कुणाची?"

"आपली."

"आणि तू काय म्हणालास?"

सरांनी आरसा उगाच सरळ केला. मग ते म्हणाले, "मी माफ केलं त्याला."

मार्लिसने शिव्या दिल्या नाहीत. तिने दार उघडलं, एक पाय खाली टेकवला, तोंड वाकडं केलं, दुसरा टेकवला. मग गाडीला धरून ती उभी राहिली आणि खडीवरून एकेक पाऊल टाकत दुकानाकडे निघाली. खडीवर चालायचं तिला डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं. सरांनी काचेतून पाहिलं. तिने ट्रेंटच्या दंडाला धरून काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगितलं. ट्रेंटने हातातलं पोतं खाली ठेवलं, टोपी काढली आणि गाडीकडे पाहिलं.

सर स्टिअरिंग धरून बसून राहिले. उतरायचं होतं, चार पावलं जायचं होतं, बोलायचं होतं. या देशात माणसाला बोलायला कुणाची आडकाठी नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं, आणि आत्ताही त्यांना कुणीच अडवत नव्हतं.